सोळा पानं काउंटरवर मागावीत

आम्ही त्यांना कशावरूनबाई म्हणायचो. तोंडावर अर्थात नुसतं बाई. "ग्रंथालय सहाला बंद होतं ना?" असं सहज विचारलं, तरी चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "कशावरून?" आणि दारावरच्या पाटीकडे बोट करायच्या. पाटीवर साडेपाच लिहिलेलं असायचं. रोज त्याच दारातून जाणाऱ्या आम्हाला ते माहीत नसायचं.

बाई बुटक्या, रुंद खांद्यांच्या. चष्मा दोरीने गळ्यात, आणि उजव्या अंगठ्याचं नख खळीने कायमचं पांढरं पडलेलं. काउंटरवर येऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती. त्याआधीची वीस वर्षं त्यांनी तळघरातल्या बांधणीच्या खोलीत काढली. नवरा छापखान्यात बांधणीकाम करायचा. तो अचानक गेला तेव्हा बाई पंचवीस वर्षांच्या होत्या, शिक्षण नववी नापास, आणि हातात त्याच्याकडून शिकलेली शिलाई. फाटकी पुस्तकं उसवायची, फर्मे जुळवायचे, शिवायची, पुठ्ठा चढवायचा. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. अशा आठ-दहा घड्या एकावर एक शिवल्या की पुस्तक होतं. बांधता बांधता बाई वाचायच्या, आणि वीस वर्षांत किती वाचलं याचा हिशेब त्यांनीही ठेवला नव्हता.

घरी त्या आणि त्यांची नणंद. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एकीत शिलाई मशीन, दुसरीत बाकीचा संसार. नणंदबाई शाळांचे गणवेश शिवायच्या. "माझा भाऊ जाताना हिला माझ्या गळ्यात बांधून गेला," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, आणि बाई आतून ओरडायच्या, "कोण कोणाच्या गळ्यात ते शेजाऱ्यांना विचारा, वन्सं!" एकतीस वर्षं हे भांडण चालू होतं आणि दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नव्हतं.

आता माझं सांगते. मी त्या वर्षी संशोधनाच्या वर्गात होते. शहरातल्या जुन्या पाणीवाटपावर मला काम करायचं होतं. विषयाची नोंदणी व्हायची तर आधी सटीप संदर्भसूची द्यावी लागे. पंचवीस पुस्तकांची यादी, आणि प्रत्येक नावाखाली पाच-सहा ओळींची टीप: पुस्तक काय म्हणतं, कशाच्या आधारावर म्हणतं, आपल्या कामाला कुठे उपयोगी पडतं आणि कुठे तोकडं पडतं. ऐकायला सोपं आहे. पण त्यासाठी पंचवीस पुस्तकं वाचावी लागतात, आणि तिथेच घोडं पेंड खातं.

मग आम्ही काय करायचो? वरच्या वर्गाची यादी घ्यायची, नाव बदलायचं, चार शब्द इकडचे तिकडे करायचे. वरच्यांनी ती त्यांच्या वरच्यांकडून घेतलेली. मूळ यादी विभागप्रमुख सरांची, बारा वर्षांपूर्वीची. सगळ्या विभागाचा पाया एकच असल्यामुळे आमच्या सगळ्यांच्या पाणीवाटपाच्या, रस्त्यांच्या, बाजारांच्या याद्यांत निम्मी पुस्तकं तीच असायची आणि टिपाही त्याच. मेंढरांचा कळप बरा, निदान मधूनमधून एखादं वाट तरी चुकतं.

त्या वर्षी सरांनीच एक नवा नियम काढला. मुलं इंटरनेटवरून काहीबाही उचलतात, म्हणून प्रत्येक यादीवर ग्रंथालयाचा शिक्का हवा. शिक्का बनवून आला, त्यावर शब्द होते, "पाहिले व पडताळले". तो काउंटरवर बाईंच्या हाती देण्यात आला. सरांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय, हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही.

शुक्रवारी चार वाजता नोंदणीची मुदत संपणार होती. सोमवारी सकाळी पहिली मी गेले. मला वाटलं, धप्प, धप्प, संपलं. बाईंनी यादी हातात घेतली आणि ती चक्क वाचायला लागल्या.

"अकरा नंबर," त्या म्हणाल्या.

"काय झालं अकरा नंबरला?"

"पाणीपुरवठ्याचं निळं पुस्तक. पान एकशे तेरा ते एकशे अठ्ठावीस विशेष उपयुक्त, असं लिहिलंयस. कशावरून?"

"वाचलंय म्हणून."

"कुठे?"

"पुस्तकात, बाई! आणखी कुठे?"

"इथल्या? आपल्या ग्रंथालयातल्या?"

"हो. खाली दाखल क्रमांकसुद्धा लिहिलाय बघा."

बाईंनी यादी माझ्याकडे सरकवली. "पुस्तक घेऊन जा. वाचून ये."

"मला वर्गात जायचंय हो."

"जा की. वर्ग काय मी अडवून धरलाय?"

मी पुस्तक न घेता पाय आपटत निघाले. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, आजही. ही नववी नापास बाई मला पुस्तक वाचायला सांगते, असं मी त्या दिवशी मैत्रिणींना म्हणाले. ते शब्द माझेच आहेत आणि ते मी इथे लपवणार नाही.

बुधवारपर्यंत आम्ही चौदाच्या चौदा जण अडकलो होतो. प्रत्येक यादीत अकरा नंबर होता, कोणाचा नववा, कोणाचा सतरावा, पण तोच. सरांनी चिठ्ठी पाठवली, "शिक्के मारून द्यावेत." बाईंनी तिच्याच पाठीवर लिहून पाठवलं, "पडताळून झाले की मारीन." मग सर स्वतः आले. वाचनकक्षात तेव्हा तीसेक जण होते आणि सगळ्यांच्या माना पुस्तकांत होत्या, कान काउंटरवर.

"बाई, या मुलांचं वर्ष वाया जाईल."

"मग त्यांना वाचायला सांगा ना सर. अजून दोन दिवस आहेत."

"हे पुस्तक मी बारा वर्षं शिकवतोय!"

"तुम्ही दुसरीकडची प्रत वाचली असेल. म्हणून तर मी आजवर तुमच्याबद्दल काही बोलले नाही. पण यांनी इथली प्रत लिहिलीय, क्रमांकासकट."

"हे ठरवणाऱ्या तुम्ही कोण? तुमचं शिक्षण किती?"

मला वाटलं, आता बाई खाली बघणार.

"नववी नापास," बाई म्हणाल्या. "शिक्क्यावर काय कोरलंय ते वाचायला तेवढं पुरतं."

सर तडक ग्रंथपालांच्या खोलीत गेले. ग्रंथपाल नवे होते, माणूस वाईट नव्हता, पण कायम दोन्ही डगरींवर पाय. त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं की शुक्रवारी चारच्या आत चौदा शिक्के पडले पाहिजेत. नाहीतर काउंटर सोडायचं आणि तळघरात जायचं. बांधणीची खोली बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. तिथे ओल होती, उजेड नव्हता, आणि जिन्याच्या बावीस पायऱ्या बाईंच्या गुडघ्यांना झेपणाऱ्या नव्हत्या. त्यांची चार वर्षं नोकरी उरली होती.

घरी नणंदबाईंनी समजावलं. "वहिनी, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये."

"मासा कुठला, बेडूक आहे तो. नुसता फुगतो."

"मग तळघरात जाऊन बसणार आहेस?"

"बसेन. खोटा शिक्का मारून वर बसण्यापेक्षा ते बरं." हे सगळं मला नंतर नणंदबाईंनीच सांगितलं, आणि सांगताना पुढे जोडलं, "तिच्यापुढे मी कधीच हात टेकलेत."

मी त्याच बुधवारी ते निळं पुस्तक घेतलं. वाचण्यासाठी नाही, बाईंची चूक काढण्यासाठी. आपण बरोबर आहोत हे त्यांच्या नाकावर टिच्चून दाखवायचं, एवढाच हेतू. लेखक पाणीखात्यातला जुना अभियंता होता. सुरुवातीची चाळीस पानं नळांच्या जाडीबद्दल. मी जांभया देत वाचली. पण नंतर हा माणूस गल्लीगल्लीतून हिंडायला लागला, नळावर उभ्या असलेल्या बायकांशी बोलायला लागला, कोण किती वाजता उठतं ते लिहायला लागला, आणि मला पुस्तक खाली ठेववेना. गुरुवारी सकाळी मी एकशे बाराव्या पानावर पोचले. शेवटचं वाक्य अर्धं होतं: "आणि म्हणून खालच्या वस्तीला मिळणारे पाणी". मी पान उलटलं.

"अंडी उबवणाऱ्या कोंबडीला वारंवार हलवू नये."

मी परत मागे गेले. परत पुढे आले. कोंबड्याच. त्यांचं खाद्य, त्यांचे आजार, खुराड्याची उंची, अशी सोळा पानं, आणि एकशे एकोणतिसाव्या पानापासून पुन्हा पाणी. मग एकशे बाराच्या तळाशी नजर गेली. तिथे कागदाची एक पट्टी चिकटवलेली होती, जुनी, पिवळी पडलेली. शाईने लिहिलं होतं, "पुढची सोळा पानं काउंटरवर मागावीत."

मला लाज वाटली. तोंडात मारल्यासारखी लाज. बारा वर्षं आमच्या याद्या ज्या सोळा पानांना विशेष उपयुक्त म्हणत होत्या, त्या पानांवर कोंबड्या होत्या. मागोमाग राग आला, आणि या वेळी तो बाईंवर नव्हता.

दुपारी मी काउंटरपाशी जाऊन उभी राहिले. "बाई, एकशे तेरा ते एकशे अठ्ठावीस."

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. मग उठून मागच्या कपाटांत गेल्या आणि कुक्कुटपालनाचं एक जाडं पुस्तक घेऊन आल्या. मधोमध उघडून माझ्यापुढे ठेवलं. तिथे माझी सोळा पानं होती.

"एकोणीस वर्षांत मागणारी तू पहिली," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि ते मला दिसलेलं त्यांना आवडलं नाही. "उभी काय राहिलीस खांबासारखी? बस आणि वाच."

चूक बाईंचीच होती. दोन्ही पुस्तकं एकाच दिवशी उसवलेली, एकाच आकाराची, एकाच कागदाची. "मी तेव्हा पानांचे आकडे बघायचेच नाही," त्या म्हणाल्या. "हाताला कळतं म्हणायचे. माज होता तो." लक्षात आलं तेव्हा दोन्ही बांधून झाली होती. त्या स्वतः जाऊन तेव्हाच्या ग्रंथपालांना सांगून आल्या. त्यांनी कागद चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाले, आता पुन्हा उसवलं तर तुकडे पडतील, चिठ्ठी लावून टाका.

"पहिला आठवडा मी धास्तीत काढला," बाई म्हणाल्या. "रोज कोणीतरी येणार, पानं मागणार, आणि माझी चूक चारचौघांत निघणार. कोणी आलंच नाही. महिना गेला, वर्ष गेलं. पुस्तक तर दरवर्षी बाहेर जायचं आणि परत यायचं. मग मला चुकीपेक्षा तेच जास्त लागायला लागलं."

मी ती पानं वाचली. आमच्या याद्यांतली टीप म्हणत होती, "लेखकाने सर्व वस्त्यांत समान पाणीवाटप होते हे आकडेवारीने सिद्ध केले आहे." अभियंत्याने लिहिलं होतं की वरच्या वस्तीला सहा तास पाणी यायचं आणि खालच्या वस्तीला चाळीस मिनिटं. खाली तक्ता होता. आणि तक्त्याखाली एक ओळ: हे वेळापत्रक माझ्याच सहीने लागू झाले आहे. सरांनी दुसरीकडची प्रतही वाचली नव्हती. ती वाचणारा माणूस ही ओळ विसरूच शकत नाही.

"आता पुस्तक मिट," बाई म्हणाल्या, "आणि टीप लिही."

"मिटून कशी लिहू?"

"उघडं ठेवलंस तर त्याचीच वाक्यं उचलशील. मिटून लिही, मग उघडून तपास."

मी लिहिलं. त्यांनी वाचून 'मोलाचे', 'उपयुक्त' आणि 'अभ्यासपूर्ण' या तीन शब्दांवर रेघ मारली. "हे काढून काय उरलं? तेवढंच तुझं." उरल्या होत्या दीड ओळी. मी पुन्हा लिहिलं, तक्त्यासकट, पान क्रमांकासकट, आणि हेही की अभियंता फक्त नळांबद्दल सांगतो, विहिरींबद्दल एक शब्द नाही. बाईंनी मान हलवली.

"मग आता शिक्का?" मी म्हटलं.

"अकरा नंबर झाला. बाकीची चोवीस वाचलीस?"

मी चार वाचली होती, तीही अर्धवट. त्यांनी यादी परत दिली. त्या क्षणी मला त्यांचा गळा धरावासा वाटला होता, हेही खरंच आहे.

शुक्रवारी साडेतीनला ग्रंथपालांच्या खोलीत सर, आम्ही चौदा जण आणि बाई. मी दोन्ही पुस्तकं टेबलावर ठेवली आणि पानं उघडली. सरांनी कोंबड्यांवरून नजर फिरवली. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. वाटलं, आता तरी चूक झाली म्हणतील. ते म्हणाले, "हा तर ग्रंथालयाचा निष्काळजीपणा! आणि यावरून माझ्या विद्यार्थ्यांना अडवलंत?"

"बांधणी माझी चुकली," बाई म्हणाल्या. "ती चिठ्ठी लावून सांगितलीय. तुमची चिठ्ठी कुठे आहे?"

ग्रंथपाल मध्ये पडले. "बाई, वाद नको. शिक्के मारता का?"

"नाही."

त्यांनी शिक्का टेबलावर ठेवला आणि पिशवी उचलून त्या बाहेर गेल्या. ग्रंथपालांनी शेजारच्या कारकुनाला बोलावलं. त्याने पाच मिनिटांत तेरा याद्यांवर शिक्के मारले, एकही ओळ न वाचता. चौदावी यादी माझी. तिच्यावर त्याचा हात खाली येताना मी ती ओढून घेतली.

"माझ्या यादीवर मारू नका."

"वर्ष जाईल तुझं," सर म्हणाले.

"जाऊ दे."

घरी आईने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "त्या बाईंच्या नादाला लागून वर्ष घालवलंस?" मी म्हटलं, "आजवर तुझ्या पोरीची वर्षं नुसतीच गेली होती. हे एक मी वाचून घालवणार आहे."

सोमवारपासून मी बावीस पायऱ्या उतरून खाली जायला लागले. बाईंनी खिडकीची फळी काढून उजेड आत घेतला होता, जुनं शिलाईचं टेबल पुसून ठेवलं होतं. एका पुस्तकाला एक कागद, असा त्यांचा नियम. वर नाव, लेखक, साल, आणि तेही कव्हरवरून उतरवायचं नाही, आतल्या पानावरून. "कव्हर बांधणाऱ्याचं असतं, मला विचार." प्रस्तावना शेवटी वाचायची, कारण ती वाचून पुस्तक वाचल्यासारखं वाटतं. दोन पुस्तकं एकमेकांशी भांडत असतील तर ते भांडण टिपेत आलं पाहिजे. आणि एखादं पुस्तक आपल्या कामाचं नसेल तर पंचविसाची चोवीस झाली तरी चालतील, पण ते यादीतून काढायचं. माझी पंचवीसची सतरा झाली. ती सतरा मी आजही झोपेतून उठवलंत तरी सांगेन.

हळूहळू शिक्का मिळालेलेही खाली यायला लागले, आधी चोरून, मग उघड. त्यांचं काम अडायला लागलं होतं, कारण यादीतलं एकही पुस्तक त्यांनी पाहिलं नव्हतं. वर्ष संपेपर्यंत आम्ही सात जण झालो. शिक्क्याचा नियम सरांनी स्वतःच गुपचूप गुंडाळला. पुढच्या वर्षी दुसऱ्या मार्गदर्शकांकडे माझी नोंदणी झाली.

वर काउंटरवर मात्र गोंधळ होता. कारकुनाला पुस्तकं सापडत नव्हती आणि तक्रारींची फाइल फुगत होती. शेवटी एके दिवशी ग्रंथपाल स्वतः तळघरात आले. मी तिथेच होते. ते म्हणाले, "बाई, तुमच्या गुडघ्यांचंही मला कळतं. सरांना फक्त एक माफीपत्र हवंय. दोन ओळी लिहा आणि उद्यापासून वर या."

बाईंनी कागद घेतला. पायऱ्यांकडे एकदा पाहिलं. त्यांना वर जायचं होतं, मनापासून जायचं होतं, मला ते दिसत होतं. त्या दोन ओळींवर त्यांनी बराच वेळ घातला आणि कागद पुढे केला. ग्रंथपालांनी तो मोठ्याने वाचला.

"एकोणीस वर्षांपूर्वी पुस्तक बांधताना माझी चूक झाली, त्याबद्दल मी माफी मागते. त्यानंतर माझी चूक झालेली नाही."

ग्रंथपालांनी कागद परत टेबलावर ठेवला. "बाई, हे असं सरांकडे नेलं तर तुम्हाला वर घेता येणार नाही."

"माहितीय," बाई म्हणाल्या, आणि पेनाचं टोपण काढलं. "सही कुठे करू?"